तीन पिना आणि एक घुंऽऽऽ

नाही, पण मला एक सांगा, वायर म्हणजे वायर ना हो? इकडून आवाज घालायचा, तिकडून बाहेर काढायचा, संपलं! त्यात आणखी काय असतं? पण हे आमच्या भाऊजींना विचारा... म्हणजे नका विचारू, मी विचारलं आणि त्या दिवसापासून माझे दोन महिन्यांचे रविवार गेले! भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. माणूस सोन्यासारखा हं, त्यात वाद नाही. जमीन मोजणीच्या ऑफिसात आहेत, नकाशे काढतात. त्यामुळे सगळं मोजून मापून. चहात साखर घालताना चमचा डोळ्यांसमोर धरतात, सपाट आहे का बघायला! असा माणूस एकदा वायरीच्या नादाला लागला म्हणजे काय होईल, तुम्हीच कल्पना करा.

जाऊ द्या, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं, ही बाई वायरीवर एवढी का चिडलीय.

झालं काय, ताई ट्रंक आवरत होती. त्यात सापडली एक कॅसेट. ताई कॉलेजला हॉस्टेलवर गेली होती ना, तेव्हा तिला करमेना, जेवण जाईना, रडून नुसता गोंधळ. आईला पत्र लिहायचा कंटाळा. 'कोण ते लिहीत बसतंय, मी बोलूनच पाठवते,' म्हणाली, आणि स्वयंपाकघरात ओट्यावर टेपरेकॉर्डर ठेवून बोलली आणि पाठवली कॅसेट. ताईसाठी हं! माझ्यासाठी नाही. मी घरीच होते, मला कशाला कॅसेट? मला समोरासमोर रट्टे मिळायचे.

आई जाऊन अकरा वर्षं झाली. फोटो ढीगभर आहेत. आवाज कुठेच नाही. हे कुणाच्या लक्षातच येत नाही बघा आधी... आणि मग एक दिवस आठवायला जावं तर चेहरा येतो आणि आवाज येत नाही. मी खूप प्रयत्न केलाय. नाही येत. त्यामुळे ती कॅसेट निघाल्यावर आम्ही दोघी तिच्याकडेच बघत बसलो. आणि भाऊजी एकदम उभे राहिले! म्हणाले, 'दोन महिन्यांनी बाबांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आहे. त्या दिवशी ऐकवायची. तोवर त्यांना एक अक्षर कळता कामा नये. हे सगळं मी करतो.'

आता भाऊजी एवढे का पेटले, तेही सांगायला हवं. आमचे बाबा टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाले. सगळा जन्म कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांच्या लाइनीतले बिघाड शोधण्यात गेला, त्यामुळे स्वतः बोलायचं राहूनच गेलं. वायरींचा विषय सोडला, तर त्यांचं सगळं बोलणं एका शब्दात. 'बरं.' भाऊजी ताईला मागणी घालायला आले, कपाळाला घाम, 'मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय.' बाबा म्हणाले, 'बरं.' भाऊजींना बढती मिळाली. 'बरं.' भाऊजींनी घर बांधलं, बाबांना हौसेनं सगळं दाखवलं, बाबांनी प्रत्येक खोलीत जाऊन दिव्याचं बटण लावून बघितलं, बंद केलं, बाहेर आले, 'बरं.' बावीस वर्षं! बावीस वर्षं हा माणूस सासऱ्याच्या तोंडून कौतुकाचा दुसरा एखादा शब्द यावा म्हणून ताटकळलाय हो!

तर भाऊजींनी माळ्यावरनं जुना टेपडेक काढला, हॉलमध्ये अँप्लिफायर होताच, स्पीकर होते, जोडलं सगळं. हॉलमधल्या बोर्डात जागा नव्हती, म्हणून डेकची वायर दारातून आत नेऊन स्वयंपाकघरातल्या बोर्डात लावली. आणि बटण दाबलं. कॅसेट घालायच्या आधीच... घुंऽऽऽ! म्हणजे बारीक नाही हं, चांगला भरल्या पोटाचा घुंऽऽऽ! तरी भाऊजींनी कॅसेट लावून बघितली. आतून कुणीतरी 'हॅलो' म्हणाल्यासारखं वाटलं, पुढचं सगळं त्या घुंऽऽमध्ये बुडालं. भाऊजींनी झटकन कॅसेट बाहेर काढली, दोन्ही हातांत धरली. 'जुनी टेप आहे. सारखी फिरवली तर तुटेल. आधी हा घुंऽऽ घालवायचा, मगच आईंना लावायचं!' ताई म्हणाली, 'अहो, मोबाइलवर उतरवून घ्या.' 'घुंऽऽसकट उतरवू?'

तिथून सुरू झालं ते! आज डेक हलव, उद्या अँप हलव, परवा स्पीकरखाली पाट ठेव. मला बोलावणार, 'तू जरा ही वायर अशी वर धर, आणखी वर, श्वास घेऊ नकोस.' श्वासाचा काय संबंध? धरली वर. खांदे दुखायला लागले. ताई तिकडून हॉलचे दिवे लाव, बंद कर. भाऊजी जमिनीवर पालथे, कान स्पीकरला... आणि मागं आपलं... घुंऽऽऽ!

दर रविवारी बाबा चहाला यायचे. त्या रविवारीही आले. कॅसेट लपवली कपाटात, पण घुंऽऽ कुठे लपवणार? बाबा दारातच थांबले, मान तिरकी केली, जशी एक्स्चेंजमध्ये करायचे तशी. म्हणाले, 'टेप कुठल्या बोर्डात लावलाय?' भाऊजी म्हणाले, 'स्वयंपाकघरातल्या.' 'आणि हा अँप्लिफायर?' 'हॉलमधल्या.' 'एकाच बोर्डात लावा.' बस्स. चहा प्याले आणि गेले. आणि भाऊजी हसले! असं... लहान मुलानं काहीतरी गोड सांगितलं की आपण हसतो ना, तसं. म्हणाले, 'बाबांचा जमाना टेलिफोनचा. हे हाय-फाय आहे.'

आणि गेले दुकानात! मलाही नेलं. काय ते दुकान! दारातच चपला काढायच्या. आत गालिचा, एसी, आणि तो दुकानदार इतक्या हळू आवाजात बोलायचा, मला वाटलं आत कुणीतरी अत्यवस्थ आहे. भाऊजींनी सगळं सांगितलं. त्यानं डोळे मिटले. उघडले. म्हणाला, 'सर... तुम्ही अजून अनबॅलन्स्ड ऐकताय?' अहो, ज्या सुरात विचारलं ना! जणू उघड्यावरचं पाणी पिताय! भाऊजी बिचारे खाली बघायला लागले. रात्री ताईला सांगितलं, तर ताई म्हणाली, 'अनबॅलन्स्ड आहेत हे सांगायला दुकानदार कशाला हवा, मला विचारायचं.'

तर त्यानं दाखवलं. आधी साधी वायर लावून गाणं. मग ती जाडजूड, चकचकीत टोकांची, तीन पिनांची वायर लावून तेच गाणं. आणि खरं सांगते, दुसऱ्या वेळी गाणं असं अंगावर आलं! भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, डोळे हे एवढे. 'ऐकलंस? ऐकलंस फरक?' मीही मान डोलावली. नंतर बाबांना सहज म्हटलं, तर म्हणाले, 'तीन पिनांच्या वायरीत आवाज मोठाच येतो. मोठा आवाज सगळ्यांना चांगला वाटतो. बटण कमी करून ऐकवायला सांगायचं.' आता हे मला आधी कुणी सांगितलं होतं का?

घेतली वायर. घरी आलो आणि भाऊजींनी आम्हा दोघींना समोर बसवून शिकवणी घेतली. 'साध्या वायरीत बघा, आतली एक तार आवाज नेते आणि बाहेरची जाळी तो परत आणते. वाटेत विजेचा घुंऽऽ आत शिरला की तोही आवाजाबरोबर पुढे जातो. आता बॅलन्स्ड! ह्यात तारा तीन. पहिली आवाज सुलटा नेते. दुसरी तोच आवाज उलटा नेते. तिसरी अर्थिंग. वाटेत घुंऽऽ येतो, तो पहिल्या दोघींवर सारखाच चढतो. पलीकडचं यंत्र काय करतं, दोघींमध्ये जो फरक आहे तेवढाच ठेवतं. जे दोघींत सारखं, ते टाकून देतं. कळलं?'

ताई म्हणाली, 'नाही.' पण मला कळलं! अहो, मी लहान असताना आम्ही दोघी भांडून आईकडे जायचो ना, दोघी मोठमोठ्यानं रडत. हिचं म्हणणं, हिनं मारलं. माझं म्हणणं, हिनंच मारलं. आई काय करायची? दोघींचं रडणं सारखंच, ते ती कानावरच घ्यायची नाही. जे उलटसुलट सांगतोय तेवढं ऐकायची आणि त्यातनं बरोब्बर खरं काढायची. मी भाऊजींना म्हटलं, 'म्हणजे आमची आई बॅलन्स्ड होती.' भाऊजींनी वायर खाली ठेवली. म्हणाले, 'इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू काहीतरी शहाण्यासारखं बोललीस.' बघा, कौतुक करायची पद्धत! सासऱ्याचा वाण नाही पण गुण लागला.

पण गंमत पुढे आहे. अँपला मागे तीन पिनांची भोकं आहेत. डेकला? डेकला साधीच! जुना डेक तो, त्याला कुठली तीन पिनांची भोकं? नकाशे काढणारा माणूस, महिनाभर वायरीची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजत होता, आणि वायर डेकमध्ये शिरते का, हे बघितलंच नव्हतं! अर्धा तास ती वायर हातात धरून बसले. मला हसू आवरेना, ताईनं चिमटा काढला. आणि मागं आपलं... घुंऽऽऽ!

परत दुकान. दुकानदार म्हणाला, 'सर, मग मध्ये एक डबा लागेल.' अहो, डबा! साध्याचं बॅलन्स्ड करून देणारा! घेतला. त्या रविवारी बाबा आले, डब्याकडे बघितलं, वायरीकडे बघितलं. म्हणाले, 'आम्ही हेच करायचो. दोन तारांना पीळ घालून मैलच्या मैल न्यायचो, विजेच्या खांबांशेजारनं. पलीकडे आवाज स्वच्छ.' भाऊजींशी एवढं लांब बोलणं! भाऊजी इतके खूश झाले, पुढे सरकून बसले. 'हो ना बाबा? तेच तत्त्व!' बाबांनी विचारलं, 'तुमचा टेप आणि अँप्लिफायर, ह्यांच्यात अंतर किती?' भाऊजी म्हणाले, 'हातभर.' बाबा म्हणाले, 'बरं.'

तरी भाऊजी हटले नाहीत. नवा डबा ठेवायचा म्हणून सगळं टेबल मोकळं केलं, दिव्याचा प्लग काढला, मोबाइलचा चार्जर काढला, नीट मांडामांड केली, जोडलं, बटण दाबलं. काही नाही. मला वाटलं चालूच झालं नाही. दिवा तर लागलाय! कान लावला स्पीकरला. शांत! भाऊजी जमिनीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी पहिल्यांदाच त्यांना तसं बघितलं. म्हणाले, 'आता आई स्वच्छ येतील.' मीसुद्धा त्या आवाजासाठीच खांदे मोडून घेतले होते ना!

आता एक गोष्ट सांगते, कुणाला बोलू नका. भाऊजी आंघोळीला गेले तेव्हा मी ती तीन पिनांची वायर आणि डबा काढला, आणि गुपचूप जुनी साधी वायर लावून बघितली. का? सहज. आणि घुंऽऽ नाही! मग बघितलं, तर मांडामांड करताना डेकचा प्लगही हॉलच्याच बोर्डात आला होता. बाबा म्हणाले होते तसा. एकाच बोर्डात! मी हळूच सगळं होतं तसं लावून ठेवलं. दोन महिने राबलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आजवर सांगितलेलं नाही.

वाढदिवस उजाडला. केक कापून झाला. बाबा मधल्या खुर्चीत, शेजारी ताई, मी उभी. आणि तो दुकानदारही हजर! बोलावलं नव्हतं हो, 'रिझल्ट ऐकायला आलो' म्हणे, चपला दारात काढून. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो पाठीला चिकटला होता. म्हणाले, 'बाबा... तुमच्यासाठी एक... ऐका तुम्हीच.' कॅसेट घातली. दाबलं.

घुंऽऽऽ!

अहो, तोच! भरल्या पोटाचा! भाऊजींचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं आता खुर्ची द्यावी लागते. ते धावले मागे, डबा हलवताहेत, वायर दाबताहेत. मीही घाबरले, म्हटलं माझ्या हातून काही सुटलं की काय! दुकानदार कानाशी येऊन कुजबुजतोय, 'सर, मग आता स्पीकर बदलायला लागतील.' आणि तेवढ्यात बाबांनी हात वर केला.

'थांबा. हात लावू नका कशालाही.'

मान तिरकी. डोळे मिटलेले. म्हणाले, 'ही लाइन नाही. टेपमध्येच आहे.' आणि मग, 'हा आपला फ्रिज.'

आणि आई बोलली.

'हॅलो... चालू झालं का गं हे? लाल दिवा तर लागलाय. हां... तर बाळा, जेवतेस का? खरं सांग. अहो! तो फ्रिज जरा बंद करा ना, सगळं ह्यातच शिरतंय!' आणि लांबून, आतल्या खोलीतून, त्या वेळच्या बाबांचा आवाज, 'करतो, करतो!' मग थोडा वेळ नुसता फ्रिज. 'बघ, हे असं करतायत,' आई म्हणाली. मध्येच एक किनरा आवाज, 'आई, ताई ह्याच्या आत बसलीय?' ती मी. काय सांगू तुम्हाला, मला हसू आणि रडू एकदमच आलं आणि दोन्ही नाकातून बाहेर पडलं.

वीस मिनिटं बोलली. पडदे बदलले, शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली, धाकटीला चष्मा लागला. मध्ये मध्ये, 'अहो, फ्रिज!' मध्ये मध्ये, 'करतो, करतो!' तीनदा सांगितलं तिनं, तीनदा करतो म्हणाले, आणि मागं आपलं... घुंऽऽऽ! शेवटी आई म्हणाली, 'जाऊ दे. ह्यांचं आणि फ्रिजचं एकच. पण आवाजावरनं कळतं तरी, दोघं घरात आहेत म्हणून. नीट जेव हं बाळा.' आणि खट्कन बंद.

दुकानदारसुद्धा रुमाल शोधत होता. बाबा म्हणाले, 'पेपर वाचत होतो. उठायचा कंटाळा केला.' मग भाऊजींकडे वळले. 'जावईबापू... छान झालं.'

दोन शब्द! बावीस वर्षांनी! ताईनं माझा हात इतका जोरात धरला की बांगडी रुतली. भाऊजी नुसते उभे, एक हात अजून त्या तीन पिनांच्या वायरीवर. बाबा म्हणाले, 'एक विचारू?' 'विचारा ना बाबा, काहीही विचारा!' 'तुमचा तो पहिला घुंऽऽ होता ना... दोन बोर्डांचा...' 'तो घालवला मी! पूर्ण घालवला!' भाऊजी छाती काढून म्हणाले. बाबा पुढे वाकले. म्हणाले, 'परत आणता येईल का? टेप वीस मिनिटांत संपते हो. आणि सारखी लावली तर झिजेल.'

आता बोला!

भाऊजींनी आणला हो परत! दुकानदारासमोर तो डबा काढला, तीन पिनांची वायर काढली, जुनी साधी वायर लावली, डेकचा प्लग ओढत नेला स्वयंपाकघरातल्या बोर्डात... दुकानदारानं तर डोळेच मिटून घेतले. तेव्हापासून दर रविवारी दुपारी असंच. गाणं नाही, कॅसेट नाही, काही नाही. बाबा खुर्चीत पेपर घेऊन, भाऊजी शेजारी नकाशा घेऊन, आणि घरभर तो आवाज. मी जाऊन बसते, मला काय धड वाचता येतंय का बोलता येतंय? तरी जाते. मीच म्हणते, बसावं जरा.

आणि ताई आतून ओरडते, 'अहो, बंद करा ना तो घुंऽऽ! डोकं उठलं माझं!'

आणि दोन्ही खुर्च्यांतून एकदम उत्तर येतं, 'करतो, करतो!'

उठत कुणीच नाही... आणि मागं आपलं... घुंऽऽऽ!